माहीत होते, पण सापडत नव्हते

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस अंकांची ही संख्या मोठ्याने वाचू गेल्यास भाषेतील स्थाननामे अपुरी पडतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आलेली दशमान स्थानांची मालिका एकापासून निघते आणि अठराव्या स्थानावर, परार्धावर, येऊन थांबते. या संख्येत असे १,४७५ परार्ध सामावतात आणि वर बरेच काही उरते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे मांडत जाण्याची जुनी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. चौसष्ट घरे भरता भरता राजाचे कोठार रिते झाले. त्या पटाला आणखी तीन घरे जोडली आणि दाणे मांडणे चालू ठेवले, तर एकूण दाण्यांची संख्या नेमकी हीच येईल. थोडक्यात लिहायचे तर ती २ चा ६७ वा घात वजा १ आहे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तिचे रूप आणखी साधे होते: ओळीने सदुसष्ट वेळा १, मध्ये एकही शून्य नाही.

संख्या विषम आहे. अंकांची बेरीज १०९ येते, म्हणून तिला ३ ने भाग जात नाही. शेवटी ७ आहे, म्हणून ५ ने जात नाही. ७, ११, १३ यांनीही जात नाही. इथवर शाळेतील गणित पुरते. पुढचा प्रश्नही शाळेतलाच आहे: ही मूळ संख्या आहे की संयुक्त? या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. हिचे अवयव पडतात का, हा पहिला. पडत असतील तर ते कोणते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळालेच, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या दोन उत्तरांमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर पडले.

गोष्ट १६४४ पासून सुरू होते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने त्या वर्षी एक यादी प्रसिद्ध केली. २ चा कोणताही घात घेऊन त्यातून १ वजा केला, तर येणारी संख्या मूळ असण्यासाठी घातांक स्वतः मूळ असावा लागतो. पण तेवढे पुरत नाही. घातांक ११ घेतला तर २,०४७ मिळतात आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. मग कोणते घातांक चालतात? मेर्सेनने २५७ पर्यंतचे अकरा घातांक दिले. त्यांत ६७ होता. एवढ्या मोठ्या संख्यांची तपासणी त्या काळी कोणालाही शक्य नव्हती, त्यामुळे यादीवर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच वाचकाच्या हाती होते. पुढे कळले की तीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ हे घातांक तीत नको होते. ६१, ८९ आणि १०७ हे हवे होते, पण नव्हते.

६७ ची चूक १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवली. त्याने सिद्ध केले की ही एकवीस अंकी संख्या संयुक्त आहे. तिचा एकही अवयव मात्र त्याने सांगितला नाही, कारण तो त्यालाही ठाऊक नव्हता.

अवयव न शोधता संख्या संयुक्त आहे हे कसे कळते, याचे एक छोटे उदाहरण ९१ चे आहे. फर्माच्या एका प्रमेयानुसार ९१ ही मूळ संख्या असती, तर २ च्या ९० व्या घाताला ९१ ने भागल्यावर बाकी १ उरायला हवी होती. प्रत्यक्षात ती ६४ उरते. म्हणजे ९१ संयुक्त ठरली आणि या निर्णयात ७ किंवा १३ यांचे नावही आले नाही. ९० वा घात काढायला नव्वद गुणाकार करावे लागत नाहीत. घातांक सम असेल तर त्याचा अर्धा घ्यावा आणि आलेल्या घाताचा वर्ग करावा. विषम असेल तर एक वजा करून शेवटी दुप्पट करावी. ही युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी आलेली आहे. आजचे संगणक मोठे घात काढताना याच मार्गाने जातात.

परंतु एकवीस अंकी संख्येने ही सोपी कसोटी निकामी केली. तिच्यातून १ वजा केला की उरलेल्या संख्येला ६७ ने भाग जातो. त्यामुळे २ चा तेवढा घात घेऊन तिने भागल्यास बाकी बरोबर १ येते आणि संयुक्त असूनही ती मूळ संख्येचा आव आणते. तिला पकडण्यासाठी वेगळे साधन हवे होते आणि ते ल्युकाने घडवले. त्याच्या रीतीला १९३० मध्ये डेरिक लेहमरने सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करावी, वर्ग करून २ वजा करावे, संबंधित संख्येने भागून बाकी ठेवावी आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करावे. ३१ साठी घातांक ५ आहे. तेथे ४, १४, ८ आणि मग ० असा क्रम येतो. शेवटी शून्य आले, म्हणून ३१ मूळ आहे. २,०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १,७३६ उरतात. शून्य आले नाही, म्हणून ती संयुक्त. सदुसष्टाव्या घातासाठी अशा पासष्ट पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही.

निकाल लागला, पण अवयव गुप्तच राहिले. १८७६ पासून १९०३ पर्यंत गणितज्ञांना खात्रीने माहीत होते की या संख्येचे अवयव पडतात. ते कोणते, हे मात्र पृथ्वीवर कोणालाही सांगता येत नव्हते. चोरी सिद्ध झाली होती, चोर सापडत नव्हता.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी मोठ्या संख्यांच्या अवयवांवर निबंध सादर केला. त्या प्रसंगाची आख्यायिका पुढे एरिक टेंपल बेल या गणितज्ञाने लिहून ठेवली. तिच्यानुसार कोल फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता २ चा ६७ वा घात हाताने काढून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे जुळली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असे बेल यांनी नंतर विचारले तेव्हा 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर मिळाले, असेही सांगितले जाते.

त्या रविवारांचा हिशेब थोडाफार मांडता येतो. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असावा लागतो. कोल यांचा लहान अवयव १३४ गुणिले १४,४५,५८० अधिक १ असा आहे. शिवाय अवयवाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ यावी लागते, त्यामुळे निम्मे उमेदवार बाद होतात. तरीही लहानापासून एकेक तपासत जाणाऱ्याला सात लाखांहून अधिक उमेदवार ओलांडावे लागले असते, तेही कागद-पेन्सिलीने आणि अवयव नेमका कुठे आहे याचा काहीही पत्ता नसताना. कोल यांनी उमेदवार कमी करण्यासाठी वर्गशेषांच्या गुणधर्मांचा आधार घेतला. शोधायला काही वर्षे लागलेले हे उत्तर तपासायला मात्र आठवीतल्या विद्यार्थ्याला एक दुपार पुरते.

ल्युकाची रीत विशिष्ट घडणीच्या संख्यांपुरती होती. कोणतीही संख्या समोर आली, तरी ती मूळ आहे की संयुक्त हे झटपट, नेमके आणि नशिबावर न विसंबता सांगणारी रीत असू शकते का, हा प्रश्न विसाव्या शतकभर लोंबकळत राहिला. फर्माची कसोटी फसवी होती. ५६१ ही संख्या ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार आहे. पण तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कोणताही पाया घेतला, तरी ती त्या कसोटीत उत्तीर्ण होते. १९७६ मध्ये गॅरी मिलर यांनी वेगवान रीत दिली, पण तिची खात्री रीमान यांच्या एका विस्तारित आणि आजही असिद्ध असलेल्या गृहीतकावर उभी होती. मायकेल राबिन यांनी ते गृहीतक टाळले, पण त्यासाठी यदृच्छेने निवडलेल्या पायांवर भिस्त ठेवावी लागली. चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते, शून्य करता येत नाही.

ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून नऊ पानांचा एक निबंध जगभर गेला. लेखक तिघे होते: प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नुकतीच बी.टेक. पूर्ण केलेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. निबंधात गृहीतक नव्हते, यदृच्छा नव्हती आणि अपवाद नव्हते. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे तिच्या अंकसंख्येच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणात लागणाऱ्या वेळात निश्चित सांगणारी रीत त्यात होती. तज्ज्ञांनी ती काही दिवसांतच पडताळून मान्य केली. २००४ मध्ये निबंध 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्याला गोडेल पारितोषिक मिळाले.

या रीतीचे बीज समजायला फारसे गणित लागत नाही. क्ष अधिक १ या पदावलीचा पाचवा घात विस्तारला तर सहगुणक १, ५, १०, १०, ५, १ असे येतात. दोन टोके सोडली तर मधल्या प्रत्येकाला ५ ने भाग जातो. सहावा घात घेतला तर १, ६, १५, २०, १५, ६, १ येतात आणि तेथे १५ ला ६ ने भाग जात नाही. संख्या मूळ असेल तर आणि तरच मधले सर्व सहगुणक तिने विभाज्य असतात. हे सहगुणक ज्या त्रिकोणी मांडणीत बसतात, तिचे वर्णन पिंगलाचा टीकाकार हलायुध याने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार या नावाने केले होते. अडचण एवढीच की एकवीस अंकी संख्येसाठी मेरूची ती ओळ लिहायला १,४७५ परार्धांहून अधिक घरे लागतील. ही ओळ गुंडाळता येईल का, हा कानपूरचा प्रश्न होता. घड्याळाचा काटा बारानंतर पुन्हा एकवर येतो, तसा क्षचा घातांक एका लहान मर्यादेला पोहोचला की पुन्हा शून्यापासून मोजायचा. मग १,४७५ परार्धांहून अधिक घरांची ओळ मोजक्या घरांत मावते. अशी गुंडाळी केल्यावर एखादी संयुक्त संख्या निसटणार नाही, याची हमी हवी होती. १ च्या जागी मोजक्या वेगवेगळ्या संख्या घालून तपासणी केली आणि मर्यादा नीट निवडली, तर काहीही निसटत नाही, हे त्या नऊ पानांत सिद्ध झाले. पूर्णांकाच्या प्रश्नाकडे बहुपदीच्या नजरेने पाहण्याची ही वाट अग्रवाल आणि सोमनाथ बिस्वास यांनी १९९९ मध्येच धरली होती आणि कयाल-सक्सेना यांच्या आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्यांनीही तिच्यावर प्रकल्प केले होते. यश ऑगस्टमध्ये दिसले. त्याची मशागत काही वर्षे चालू होती.

व्यवहारात ही रीत संथ आहे आणि रोजच्या कामासाठी आजही राबिन यांची कसोटीच वापरली जाते. कानपूरच्या निकालाचे मोल सिद्धांतात आहे: पहिला प्रश्न, 'अवयव पडतात का', हा मुळातच सोपा आहे, हे कायमचे ठरले. दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे 'कोणते', ही रीत काहीही बोलत नाही.

हे मौन साऱ्या जगाच्या उपयोगी पडलेले आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन यांनी असे कुलूप सुचवले की जे दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बंद होते आणि उघडण्यासाठी त्या दोन संख्या माहीत असाव्या लागतात. गुणाकार जाहीर करायचा, अवयव लपवायचे. त्यांनी १२९ अंकी गुणाकार आव्हान म्हणून दिला. तेव्हाच्या अंदाजानुसार तो फोडायला विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागणार होता. तो १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आठ महिन्यांत फोडला. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. ते काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर सोपवले असते, तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. आज प्रचलित असलेल्या कुलपांतील संख्या ६१७ अंकी असते. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली. कंपनीची विवरणपत्रे आणि सरकारी निविदा यांवर उमटणाऱ्या अशा असंख्य स्वाक्षऱ्या याच एका भरवशावर उभ्या असतात: ६१७ अंकी संख्येचे अवयव कोणालाही वेळेत सापडणार नाहीत.

या दोन प्रश्नांतील दरी किती रुंद आहे, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा दिसले. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचे जाहीर झाले. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे आणि तिचा निकाल ल्युकाच्या रीतीच्या वंशजाने दिला. चार कोटी अंकांच्या संख्येबद्दल 'अवयव नाहीत' असे ठामपणे सांगता येते. सहाशे सतरा अंकांच्या संख्येबद्दल 'अवयव हे' असे सांगता येत नाही.

मात्र 'सांगता येत नाही' आणि 'सांगता येणारच नाही' यांत फरक आहे. अवयव शोधणे कठीणच आहे, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. जगाच्या तिजोऱ्या एका न सुटलेल्या प्रश्नावर विसावलेल्या आहेत. तो सुटणार नाही, अशी कोणाचीही हमी नाही. उलट १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा आणि निर्दोष क्वांटम संगणक हाती आला, तर हे काम वेगाने होईल. २००१ मध्ये अशा यंत्रावर १५ चे अवयव ३ आणि ५ मिळाले. त्या उत्तराला हसणे सोपे होते. तरी त्यामागच्या तत्त्वाकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे ठरले नसते. भारताने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्युबिटची यंत्रे उभी करणे आणि सुरक्षित क्वांटम संदेशवहन ही तिची उद्दिष्टे आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांची पहिली मानके प्रसिद्ध केली. घाईचे कारण उघड आहे. आज टिपून ठेवलेला बंद संदेश वीस वर्षांनीही उघडता येतो. ज्याचे गुपित वीस वर्षे टिकायला हवे, त्याच्यासाठी धोका आजच सुरू झालेला आहे.

यंत्राशिवायही हे घडू शकते, हा कानपूरचा धडा आहे. पहिला प्रश्न शतकानुशतके अनेक थोर गणितज्ञांच्या हाताखालून गेला होता. तो अखेर एका शिक्षकाने आणि दोन तरुण विद्यार्थ्यांनी सोडवला, तोही पदवीच्या विद्यार्थ्याला वाचता येईल अशा गणिताने. दुसऱ्या प्रश्नालाही असेच एखादे सोपे दार असेल का? असेल तर ते सापडण्यात ज्ञानाचा लाभ आहे आणि कुलपांचा घात. त्या दाराचा शोध थांबवणे कोणाच्याही हाती नाही. ते उघडण्याआधी कुलपे बदलणे मात्र हाती आहे.

ज्या एकवीस अंकी संख्येने कोल यांचे इतके रविवार घेतले, तिचे अवयव आता घरातला साधा संगणक पापणी लवायच्या आत सांगतो. संख्या १६४४ मध्ये होती तशीच आहे. तिचे दोन्ही अवयव तेव्हाही तिच्या पोटात होते. ६१७ अंकी कुलपांचेही तसेच आहे. त्यांची उत्तरे कुठेतरी यायची आहेत असे नाही, ती आताच तिथे आहेत.